टाकीचे घाव आणि हातातलं चाक

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. २६ जुलै २००५ नंतर आमच्या घरी धीर द्यायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य होतं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आम्ही कलिन्याला बैठ्या चाळीत राहायचो. पाणी पोटमाळ्याच्या शिडीच्या चौथ्या पायरीपर्यंत चढलं होतं.

पाणी ओसरल्यावर समोरच्या इमारतीतल्या काकूंनी मला हाक मारली. मी सातवीत होते. त्यांच्या गॅलरीत दोऱ्या बांधल्या होत्या आणि खाली चादरीवर चाळीतल्या अकरा घरांचे भिजलेले कागद पसरले होते: रेशनकार्डं, मार्कशीट, विम्याच्या पॉलिसी, कुणाची तरी लग्नपत्रिका. "पानं ओढायची नाहीत गं. पट्टी आडवी सरकवायची, मधे पेपर घालायचा, मग चिमटा." चार दिवस मी तेच केलं. कुणाचं काय वाळलं ते वहीत लिहायचं कामही माझंच. माझा आठ वर्षांचा भाऊ त्याच घरात खाटेवर बसून होता. त्याला सगळे प्रेमानं म्हणत, "तू बस बाळा, तू लहान आहेस."

पुढे कितीतरी वर्षं पाऊस जोरात आला की तो रात्रभर जागा असायचा. मी झोपायचे.

दोन भावंडांवरून काही सिद्ध होत नाही. वय वेगळं, स्वभाव वेगळा. पण मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग वाचला तेव्हा मला ती खाट आणि ती गॅलरी एकदम डोळ्यांसमोर दिसली.

१९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांच्या जोड्या लावल्या. दोघांनाही विजेचे सारखेच झटके. एकाला डोक्यानं पट्टी दाबून झटका थांबवता यायचा. दुसऱ्याचा झटका त्याच क्षणी थांबायचा, पण त्याच्या स्वतःच्या हालचालीचा त्याच्याशी काहीही संबंध नसायचा. प्रयोग क्रूर होता, वाचताना पोटात कालवतं. नंतर दोघांनाही अशा पेटीत ठेवलं, जिथे बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पट्टीवाले कुत्रे पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक जागच्या जागी पडून राहिले. वेदना तेवढीच, वेळ तेवढाच. फरक एवढाच की एकाच्या करण्यानं काहीतरी घडत होतं. याला 'शिकलेली हतबलता' असं नाव पडलं. पडून राहिलेल्या कुत्र्यांना पलीकडून बोलावून, खाण्याचं आमिष दाखवून उपयोग झाला नाही. गळ्यातल्या पट्ट्याला धरून पुनःपुन्हा पलीकडे ओढून नेलं, तेव्हा कुठे ते स्वतःहून जाऊ लागले.

गंमत अशी की सुमारे ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी आपला सिद्धान्त उलटा केला. हतबलता शिकली जात नाही, असं त्यांनी मांडलं. त्रास लांबला की गळून जाणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काहीतरी आहे' हे.

हे कळलं ते उंदरांवरच्या कामातून. मेंदूच्या बुंध्याशी, ब्रेनस्टेममध्ये, डॉर्सल राफे नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. त्रास थांबेनासा झाला की तिथून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन मोठ्या प्रमाणात सुटतं, भीती वाढते आणि धडपड मंदावते. उंदराला पुढच्या पायांनी छोटं चाक फिरवून शेपटीला बसणारा झटका थांबवता येत असेल, तर कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा एक भाग हे ओळखतो आणि त्या पुंजक्याला आवर घालतो. मायर यांच्या गटानं तो भाग औषधानं तात्पुरता बंद केला. उंदीर चाक पूर्वीसारखंच फिरवत राहिला, झटकेही थांबत राहिले, पण नंतर तो हतबल उंदरासारखाच वागला. म्हणजे नुसतं निभावून नेणं पुरत नाही. आपण निभावलं हे मेंदूत नोंदलं जावं लागतं. आणि ज्याला एकदा चाक मिळालं होतं, तो पुढे चाक नसलेल्या त्रासातही सहसा कोसळला नाही. बळ येतं ते इथून.

माणसांकडे यायचं तर हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर जावं लागेल. तिथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं घेतला. साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, व्यसनी किंवा आजारी आईवडील अशा ओढगस्तीत वाढली. त्यातलीही जवळपास एक तृतीयांश चांगली, मायाळू, कर्ती माणसं झाली. बहुतेकांच्या आयुष्यात पाठीशी उभं राहणारं एक तरी माणूस होतं. आजी, शिक्षिका, शेजारीण, कुणीही. आणखी एक गोष्ट वर्नर यांनी टिपली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते: यातल्या अनेक मुलांवर लहानपणीच खरंखुरं, घराला गरज असलेलं काम पडलं होतं. धाकट्यांना सांभाळणं, घरकाम.

उरलेली दोन तृतीयांश मुलं मात्र विसरायची नाहीत. त्यांनीही टाकीचे घाव सोसलेच होते. बालपणी जितक्या प्रकारचे आघात जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा आणि हृदयविकाराचाही धोका जास्त, हे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या हजारो प्रौढांच्या अभ्यासातून समोर आलं. घाव मुळात घावच असतो. म्हणून ती म्हण मला आता खुपते. दगडाला काही करायचं नसतं, त्यानं फक्त सोसायचं असतं. माणूस नुसता सोसत राहिला तर झिजतो.

आणि म्हणूनच 'मुंबई स्पिरिट' हे शब्दही खुपतात. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी लोक त्याच गाड्यांतून कामावर गेले. त्याचं कौतुक झालं. पण रोजंदारी बुडू नये म्हणून गाडीत चढणाऱ्याच्या हातात कोणतं चाक होतं? त्याच शहरात पुराच्या रात्री अनोळखी लोकांनी महामार्गावर अडकलेल्यांना चहा-बिस्किटं दिली, दोर धरून रस्ता ओलांडून दिला. दोर धरणारा आणि धरून चालणारा, दोघंही काहीतरी करत होते. कौतुक करायचं तर याचं करावं.

भाऊ अजून कलिन्यालाच राहतो, आता तळमजल्यावर. गेल्या पावसाळ्यात गल्लीत घोट्याएवढं पाणी आलं तेव्हा मी तिथेच होते. वीज गेली. त्याची सहा वर्षांची मुलगी खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती. मी तिला जवळ घ्यायला निघाले, तेवढ्यात भावानं तिच्या हातात टॉर्च दिला. "आम्ही पिशव्या वर चढवतो, तू उजेड धर. बाबाच्या हातावर नको, माळ्यावर." ती उतरली, पाण्यात उभी राहिली आणि उजेड थोडा हलवून म्हणाली, "इथे?"