ॲस्टर, बहुवर्षायू

(कुल–कंपॉझिटी). कडक थंडी सोसणाऱ्या व उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूच्या शेवटापर्यंत फुलणाऱ्या ओषधीय (नरम खोडाच्या) वनस्पतींचा गट. हिवाळ्यात जमिनीवरचा भाग वाळतो आणि वसंतात मूलक्षोडापासून (जमिनीखालील आडव्या खोडापासून) नवे कोंब येतात. फुलबाजारातील ॲस्टर बहुधा कॅलिस्टेफस चायनेन्सिस ही वर्षायू जाती असते. तिचा येथे विचार केलेला नाही.

वर्गीकरणाबद्दल मतभेद आहेत. लिनीअस यांच्या १७५३ च्या मांडणीनंतर दोन्ही गोलार्धांतील शेकडो जाती ॲस्टर या एकाच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) गोळा होत गेल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ गाय नेसम यांनी १९९४ मध्ये उत्तर अमेरिकेतील बहुतेक जाती सिंफिओट्रायकम, युरिबिया वगैरे प्रजातींत विभागल्या. डीएनएच्या अभ्यासातून या जातींचे नाते यूरोप-आशियातील ॲस्टरपेक्षा अमेरिकेतीलच इतर प्रजातींशी जवळचे दिसते. त्यामुळे विभाजनाचा पक्ष आज अधिक ग्राह्य वाटतो. रोपवाटिकांच्या चिठ्ठ्यांवर जुनेच नाव टिकून आहे व बाग करणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. गुणसूत्रे मात्र उपयोगी ठरतात : सिंफिओट्रायकम (सिं.) नोव्ही-एंग्ली या जातीमध्ये ती १० (मूळ संख्या, म्हणजे एका संचातील गुणसूत्रे, ५), तर सिं. नोव्ही-बेल्गीमध्ये सामान्यतः ४८ (मूळ संख्या ८) असतात. बागेत शेजारी फुलूनही या दोहोंचा संकर सहसा का होत नाही, याचे एक कारण त्यात असावे.

अमेरिकी जाती सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडात पोचल्या. नोव्ही-बेल्गीचे आधुनिक बागप्रकार मुख्यतः अर्नेस्ट बॅलर्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील कॉलवॉल येथे केलेल्या निवडीतून आले. ॲ. फ्रिकार्टी हा यूरोपीय ॲ. अमेलस आणि हिमालयातील ॲ. थॉमसोनी यांचा संकर स्वित्झर्लंडमध्ये फ्रिकार्ट यांनी १९२० च्या सुमारास केला. त्यातील ‘मंख’ हा प्रकार सर्वोत्तम मानतात; ‘वुंडर फोन श्टेफा’ इतका सारखा दिसतो की व्यापारात दोहोंची अदलाबदल नेहमीची.

लागवड वसंतात, भरपूर उन्हात, ४५–६० सेंमी. अंतरावर करतात. नोव्ही-बेल्गीला ओलावा धरणारी सुपीक जमीन लागते. कोरड पडली की पानांवर भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) येतेच. पाणी पानांवर न देता बुंध्याशी द्यावे आणि झुडपात हवा खेळती ठेवावी. नोव्ही-एंग्ली भुरीला बरीच दाद देत नाही, म्हणून नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करणे बरे. अमेलस व फ्रिकार्टी यांना निचऱ्याची जमीन हवी. ती चुनखडीची असली तरी चालते. त्यांचा घात थंडीपेक्षा हिवाळ्यातील साचलेले पाणी अधिक करते, म्हणून शरदात त्यांना हलवू नये.

उंच प्रकार दीड मीटरवर जातात. त्यांना लवकर आधार द्यावा किंवा उन्हाळ्याच्या प्रारंभी शेंडे खुडावेत. खुडल्याने फुले थोडी उशिरा येतात, पण झाड ठेंगणे व भरगच्च होते.

नोव्ही-बेल्गीचे गड्डे दर दोन-तीन वर्षांनी वसंतात फोडावेत. मधला जून भाग टाकून कडेचे जोमदार कोंब लावतात. बियांपासून बागप्रकार मूळच्यासारखे येत नाहीत, म्हणून फुले ओसरताच दांडे कापणे इष्ट; आपोआप उगवलेली रोपे मूळ प्रकाराला झाकून टाकतात.

फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके आले, तर ते अतिसूक्ष्म कोळ्यांचे काम असू शकते. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या फायटोप्लाझ्मा (जिवाणूसारखे सूक्ष्मजीव) रोगातही फुले हिरवी पडतात, मात्र त्यात पाने पिवळी होऊन वाढ खुंटते. रोगावर उपाय नाही. कोळ्यांचा बंदोबस्तही घरगुती बागेत अवघडच. दोन्ही बाबतींत झाड मुळासकट काढून नष्ट करतात.