पीडीएफचा प्रश्न : बडोद्यातील ऑनलाइन मराठी वाचकांचे वाद

पुस्तकांची शिफारस, परीक्षण आणि देवाणघेवाण व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम व यूट्यूबवर होऊ लागल्यापासून वाचकांत उभे राहिलेले नीतीचे व कायद्याचे वाद. त्यांतला सर्वांत जुना आणि चिवट वाद एका ओळीतून सुरू होतो : ‘कुणाकडे पीडीएफ आहे का?’ पुण्या-मुंबईत ही ओळ दिसली की कुणीतरी ‘विकत घ्या की!’ म्हणून झटकून टाकतो. बडोद्यात तिला इतक्या सहज झटकता येत नाही.

फुकट वाचनाचा वारसा. बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शिकलेला माणूस वाचायला काही नसेल तर शिकलेले विसरतो, हे ओळखून तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. महाराजांच्या खासगी संग्रहातले सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाले. मांडवीजवळच्या त्या इमारतीतली पोलादी मांडणी आणि उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपू देणारी काचेची जमीन आजही पाहायला मिळते. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत निघे. पुस्तक फुकट वाचायला मिळणे हा आपला हक्कच, ही समजूत त्यामुळे बडोद्यात पिढ्यानुपिढ्या मुरलेली आहे.

पीडीएफ मागणारा बडोदेकर ह्याच वारशाचा दाखला देतो. दाखला अर्धाच खरा आहे. पेटीतले पुस्तक वाचकाला फुकट होते, दरबाराला नव्हते. प्रत रोख पैसे मोजून घेतलेली असे. शिवाय ती एका वेळी एकाच घरी जाई आणि परत येईपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागे. पीडीएफ एका दुपारीत दोनशे घरांत जाते आणि पाठवणाऱ्याकडेही राहते. वाचकाने पैसे द्यावेत की नाहीत, ह्यापेक्षा त्याच्या वतीने कुणी दिले का, हा खरा प्रश्न आहे. तो मात्र क्वचितच विचारला जातो.

अडचण. मागणाऱ्याची अडचण खोटी नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात मराठी बोलतात, पण मुले गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जातात. नवे मराठी पुस्तक हाताळून, चार पाने चाळून घ्यायचे तर पुण्याला कुणी जाण्याची वाट पाहावी लागते. मागवावे तर लहान पुस्तकाला किमतीच्या मानाने टपालखर्च जड. मे २०२५ पासून टपालखात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. तीत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असा दर ठरला. तेव्हापासून टपालाची सबब थोडी लंगडी झाली आहे. चारजणांनी मिळून पाच किलोंचे एकच पार्सल मागवले, तर माणशी चहा-भजीइतकाच खर्च येतो.

कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे निधन १९४१ चे, म्हणजे १९९१ अखेर त्यांचे साहित्य खुले होणार होते. ते होऊ नये म्हणून ऐनवेळी मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे हेही १९४१ मध्येच गेले. वाढ ठाकुरांसाठी झाली आणि तांब्यांच्या कविताही आपसूक २००१ अखेरपर्यंत अडकून राहिल्या. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर १९३७ मध्ये वारले. त्यांच्या कविता मुदत वाढण्याआधीच मोकळ्या झालेल्या होत्या. ह्याच हिशेबाने साने गुरुजी (मृत्यू १९५०) २०११ पासून सर्वांचे झाले, तर पु. ल. देशपांडे (मृत्यू २०००) २०६० अखेरपर्यंत हक्काखालीच. ‘लेखक वारले, आता काय हरकत?’ हा ग्रुपवर हमखास येणारा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. ग्रुपवर ह्या कलमाने कुणी घाबरत नाही, पण ॲडमिनला ते जरूर ऐकवतात.

विद्यापीठातली मुले दिल्लीच्या खटल्याकडे बोट दाखवतात. दिल्ली विद्यापीठातील एका झेरॉक्स दुकानावर तीन परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढण्यास कायद्यात मुभा आहे, असा निकाल उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघार घेतली. हा निकाल वर्गात शिकवायच्या उताऱ्यांपुरता आहे. रविवारी लोळून वाचायच्या अख्ख्या कादंबरीला त्याचे छत्र मिळत नाही.

आवृत्ती संपलेली पुस्तके. वादाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग हाच. हक्काची मुदत उरलेली, प्रकाशनसंस्था बंद, वारस पांगलेले, बाजारात प्रत नाही, अशी असंख्य मराठी पुस्तके आहेत. बडोद्याच्या जुन्या घरांतल्या कपाटांत ती सापडतात आणि पावसाळ्यात कसर लागून संपतात. अशा पुस्तकाचे स्कॅन करून ठेवणाऱ्याला चोर म्हणताना जीभ अडखळते. कायद्यातही वाट आहे, पण ती ग्रंथालयासाठी : नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती काढता येतात, आणि स्वतःकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रतही ठेवता येते. लेखक वारला असेल किंवा सापडत नसेल, तर जाहिरात देऊन परवान्यासाठी अर्ज करण्याचीही तरतूद आहे. एका कादंबरीपायी एवढी खटपट कोण करणार? त्यापेक्षा मोबाइलचा कॅमेरा सोपा. तरीही कपाटातली प्रत आधी ग्रंथालयाला द्यावी आणि मग जतनाचे बोलावे, हा क्रम प्रस्तुत लेखकाला योग्य वाटतो.

अभिवाचन. वाजवी उतारा जाहीरपणे वाचण्यास कायदा आडवा येत नाही. कादंबरीचे सगळेच भाग यूट्यूबवर वाचणे वेगळे. वाचणारे म्हणतात, मराठी बोलता येते पण वाचता येत नाही अशा नातवंडांसाठी हे करतो. कारण खरे आहे. परवानगीचे पत्र तरीही लागतेच.

परीक्षण आणि मोबदला. मराठी मासिके परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकांची यादी ‘साभार पोच’ म्हणून छापत. पुस्तक फुकट आले आहे, हे त्या दोन शब्दांत उघड सांगितलेले असे. इन्स्टाग्रामवरच्या शिफारशीत ते बहुधा गळते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये असा लाभ, त्यात फुकट मिळालेली वस्तूही आली, उघड करण्यास सांगितले. मराठीत रकमा किरकोळ असतात. ओळखीच्या भिडेचा मोबदला मात्र मोठा. लेखक ओळखीचा, त्याची बहीण आपल्या भिशीत, मग पुस्तकाला ‘वाचनीय’ हे निरुपद्रवी विशेषण बहाल होते.

उलट टोकाला न वाचता झोडपणे. २०२३ मध्ये अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट ह्यांची कादंबरी रशियात घडते एवढ्यावरून, युक्रेन युद्ध चालू असल्याने, ती निघण्याआधीच वाचक पुस्तकांना तारे देतात त्या गुडरीड्स ह्या संकेतस्थळावर एकेक तारा देणाऱ्यांची रांग लागली आणि त्यांनी प्रकाशन थांबवले. एवढी गर्दी मराठी पुस्तकाच्या वाट्याला येत नाही. शेवट फोडण्यावरूनही भांडणे होतात, पण ती संध्याकाळपर्यंत मिटतात.

नाव गाळणे. कविता फिरताना कवीचे नाव पडते आणि खाली ‘साभार : व्हॉट्सॲप’ येते. किंवा कुणा नवख्याच्या ओळी कुसुमाग्रजांच्या नावावर चढतात, कारण त्या नावाने त्या पुढे सरकतात. लेखकाला श्रेय मिळण्याचा हक्क कायद्याच्या ५७ व्या कलमात वेगळा सांगितला आहे. पुस्तकाचे सर्व हक्क विकून टाकले तरी तो लेखकाकडेच राहतो. पीडीएफचे समर्थन करणारे आणि तिला विरोध करणारे ह्या एका मुद्द्यावर एकाच बाजूला असतात, आणि चुकीच्या नावाची कविता दोन्हीकडचे लोक सकाळी सारख्याच उत्साहाने पुढे पाठवतात.