अमॉर्टाइज्ड ओ(१) आणि ॲव्हरेज ओ(१): यांची सरमिसळ आता पुरे

"हॅशमॅपमधला लुकअप अमॉर्टाइज्ड ओ(१) असतो." (हॅशमॅप म्हणजे की दिली की तिची व्हॅल्यू शोधून देणारं टेबल, लुकअप म्हणजे तो शोध, आणि ओ(१) म्हणजे डेटा कितीही वाढला तरी लागणारा वेळ साधारण तेवढाच.) हे वाक्य इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठामपणे लिहिलेलं दिसतं की ते चुकीचं आहे असं म्हटलं तर लोक आपल्याकडेच विचित्र नजरेने बघतात. इंटरव्ह्यूच्या तयारीचे चार्ट घ्या, ट्युटोरियल घ्या, कोड रिव्ह्यूमधल्या कमेंट घ्या, सगळीकडे अमॉर्टाइज्ड आणि ॲव्हरेज म्हणजे सब घोडे बारा टक्के, जणू "बहुतेक वेळा फास्ट, कधीतरी स्लो" याचीच ती दोन भारदस्त नावं आहेत. बरं, फरक नुसता पुस्तकी असता तर सोडून दिलं असतं, पण यातल्या एका गॅरंटीच्या भरवशावर राहिलात तर बाहेरचा कोणीही मुद्दाम वाकडा डेटा पाठवून तुमचा सर्व्हर झोपवू शकतो, आणि दुसरीला त्याचा डेटा कसाही असला तरी काही फरक पडत नाही.

ॲव्हरेज केस बहुतेकांना येतं, त्यामुळे ते पटकन उरकतो. क्विकसॉर्ट घ्या, म्हणजे एक एलिमेंट पिव्हट धरून बाकीचे त्याच्यापेक्षा लहान आणि मोठे असे वाटत जाणारं सॉर्टिंग, आणि पिव्हट दरवेळी पहिलाच एलिमेंट धरा. इनपुटचे सगळे क्रम सारख्याच शक्यतेने येतात असं गृहीत धरलं तर सरासरी वेळ एन लॉग एन (एन म्हणजे एलिमेंटची संख्या), आणि आधीच सॉर्ट केलेला ॲरे दिला की एन वर्ग. झालं. लक्षात ठेवायचं ते "गृहीत धरलं तर" एवढंच, आणि खरा डेटा तुमचं गृहीतक पाळायला बांधील नसतो, खऱ्या सिस्टीममध्ये अर्धामुर्धा सॉर्ट झालेला डेटा तर सतत येत असतो.

आता अमॉर्टाइज्ड. ही कल्पना १९८५ मध्ये रॉबर्ट टार्जन यांनी पेपरमध्ये नीट मांडली, आणि तिचं नेहमीचं उदाहरण म्हणजे आपोआप वाढणारा ॲरे, म्हणजे सी प्लस प्लसचा व्हेक्टर, जावाची ॲरेलिस्ट, पायथनची लिस्ट. जागा संपली की मोठा ब्लॉक घ्यायचा, जुनं सगळं तिकडे कॉपी करायचं आणि मग नवीन एलिमेंट टाकायचा. कपॅसिटी १ पासून सुरू करून दरवेळी दुप्पट केली आणि १० लाख एलिमेंट पुश केले (म्हणजे शेवटी टाकले), तर एकूण कॉप्या होतात १०,४८,५७५, म्हणजे पुशमागे जेमतेम एक. दुप्पटच पाहिजे असं नाही, जावा दीडपट करते, पायथन तर साधारण एक अष्टमांशच वाढवते, गुणाकाराने वाढलं म्हणजे पुरतं. पण कोणी मेमरी वाचवायला म्हणून "दरवेळी १,००० जागा वाढवू" असं केलं की त्याच १० लाख पुशांना जवळपास ५० कोटी कॉप्या होतात. हे अजूनही हाताने लिहिलेल्या बफरांमध्ये सापडतं आणि सापडलं की माझं डोकं फिरतं.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं, घोटाळा पुढे होतो. लोक म्हणतात, मग हीसुद्धा सरासरीच झाली ना? हो, पण कशाची सरासरी? ॲव्हरेज केसमध्ये सरासरी काढतो ती वेगवेगळ्या शक्य इनपुटांवर, म्हणजे त्यात प्रोबॅबिलिटी आली, नशीब आलं. अमॉर्टाइज्डमध्ये सरासरी काढतो ती एकापाठोपाठ एक होणाऱ्या ऑपरेशनांवर, आणि ती ऑपरेशनं कोणती, कोणत्या व्हॅल्यूंची, हे तुमच्या सगळ्यात मोठ्या दुश्मनाने ठरवलं तरी चालतं. प्रोबॅबिलिटीचा त्यात टिपूसही नाही. खरं तर अमॉर्टाइज्ड हा वर्स्ट केसचाच प्रकार आहे, फक्त एका ऑपरेशनचा वर्स्ट केस न बघता एन ऑपरेशनांच्या अख्ख्या माळेचा वर्स्ट केस बघून त्याला एनने भागलेलं असतं.

आणि हे का जमतं ते बघा, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. व्हेक्टरमध्ये महागडं ऑपरेशन हवं तेव्हा घडवून आणता येत नाही. ५,२४,२८८ एलिमेंटची कॉपी व्हायची असेल तर आधीच्या कॉपीनंतर २,६२,१४४ पुश झालेलेच असले पाहिजेत, त्याला शॉर्टकट नाही. कॉपी झाली की ॲरे परत अर्धा रिकामा होतो आणि पुढची महागडी वेळ आणखी लांब जाते. म्हणजे दुश्मनाला एक स्लो पुश हवा असेल तर त्याला आधी ढीगभर स्वस्त पुश करावेच लागतात, सुटका नाही.

हॅशमॅपच्या लुकअपमध्ये असलं काहीही नाही! हॅश फंक्शन कीवरून एक आकडा काढतं, तोच हॅश, आणि त्यावरून ती की कोणत्या बकेटमध्ये, म्हणजे टेबलातल्या कोणत्या कप्प्यात, जाणार ते ठरतं. एका बकेटमध्ये एक लाख कीज कोंबल्या गेल्या की त्या बकेटमधला प्रत्येक लुकअप स्लो, आत्ताचा पण, नंतरचा पण, त्यानंतरचा पण. एक स्लो लुकअप झाला म्हणून पुढचे फास्ट होत नाहीत, कारण लुकअप टेबलात काही बदलतच नाही. दोन स्लो लुकअपांच्या मधे स्वस्त लुकअप यायलाच हवेत अशी सक्ती नाही, म्हणजे ज्याच्यावर खर्च पसरवायचा असं काही हातातच नाही. म्हणून "अमॉर्टाइज्ड ओ(१) लुकअप" याला अर्थच उरत नाही, लुकअप ओ(१) असतो तो ॲव्हरेज, हॅश फंक्शन कीज नीट पसरवतं या अटीवर. इन्सर्टमध्ये मात्र दोन्ही गोष्टी एकत्र येतात: टेबल भरलं की रिसाइझ होतो तो भाग अमॉर्टाइज्ड, आणि बकेट छोटी असेल ही आशा ॲव्हरेज. बहुतेक गल्लत इथूनच सुरू होत असावी, इन्सर्टचं लेबल लोक लुकअपलाही चिकटवून टाकतात. जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे व्यवस्थित वेगळं लिहिलंय हो, ॲरेलिस्टच्या ॲडला अमॉर्टाइज्ड म्हटलंय आणि हॅशमॅपच्या गेट-पुटला "हॅश फंक्शनने नीट पसरवलं तर" अशी अट घातलीय, पण वाचतो कोण.

ती अट मोडली की काय होतं ते डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या संमेलनात दाखवलं गेलं. वेब फ्रेमवर्क पोस्ट रिक्वेस्टमधले पॅरामीटर हॅश टेबलात ठेवतात, तर सगळ्यांचा हॅश सारखाच येईल अशी पॅरामीटरची नावं निवडून पाठवायची, बस्स. पीएचपी, जावा, पायथन, एएसपी डॉट नेट, सगळे सापडले, छोट्याशा रिक्वेस्टने सीपीयू पूर्ण अडकून पडायचा. आणि गंमत म्हणजे हा धोका २००३ मध्येच एका पेपरमध्ये छापून आला होता, पर्लवाल्यांनी तेव्हाच हॅश रँडमाइज केला होता (म्हणजे कोणत्या कीचा हॅश काय येणार हे बाहेरच्याला आधी ओळखता येत नाही), बाकीचे बहुतेक आठ वर्षं गप्प. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश बाय डीफॉल्ट रँडमाइज व्हायला लागला (इंटिजरचा आजही होत नाही, लहान इंटिजरचा हॅश तो इंटिजरच), जावा ८ मध्ये बकेटमध्ये आठच्या वर एंट्र्या साचल्या की लिंक्ड लिस्टचं, म्हणजे एकेक करून तपासायच्या साखळीचं, रेड-ब्लॅक ट्री व्हायला लागलं, म्हणजे शोध झपाट्याने होणारं संतुलित झाड. पीएचपीने हॅशला हात न लावता रिक्वेस्टमधल्या पॅरामीटरवर १,००० ची मर्यादा घातली. मला त्यातला जावाचा उपाय सगळ्यात आवडतो, वर्स्ट केसच सुधारून टाकला, नशिबावर सोडला नाही. व्हेक्टरच्या पुशवर असला हल्ला होऊच शकत नाही, कोणत्या व्हॅल्यू पुश करताय याच्याशी त्याला देणंघेणंच नसतं.

मधे एक तिसरा प्रकार येतो, एक्सपेक्टेड. क्विकसॉर्टमध्ये पिव्हट रँडम निवडला की प्रोबॅबिलिटी राहते, पण फासे आपण टाकतो, इनपुट नाही. ॲव्हरेजपेक्षा ही गॅरंटी बरीच भक्कम, कारण कोणताही इनपुट कायमचा वाईट राहत नाही. लोक याला पण ॲव्हरेज म्हणतात. ते मी एक वेळ चालवून घेतो, त्याला अमॉर्टाइज्ड म्हटलेलं चालवून घेत नाही.

अमॉर्टाइज्डची गॅरंटी कुठे तुटते तेही सांगतो. ॲरेमधून एलिमेंट काढत गेल्यावर तो अर्धा रिकामा होताच आकुंचित केला, की नेमकं सीमेवर उभं राहून एक पुश, एक पॉप, एक पुश, एक पॉप करत राहायचं, प्रत्येक वेळी पूर्ण कॉपी. म्हणजे महागड्या ऑपरेशनाआधी स्वस्त ऑपरेशनं व्हायलाच हवीत ही सक्तीच गेली. म्हणून आकुंचन एक चतुर्थांश भरलेला असताना करतात.

दुसरं ठिकाण जास्त फसवं आहे, इम्युटेबल डेटा स्ट्रक्चर, म्हणजे एकदा बनवलं की बदलत नाही, बदल हवा तर नवं व्हर्जन बनतं. दोन स्टॅकची क्यू सगळ्यांनी केलेली असते: एकात टाकायचं, दुसऱ्यातून काढायचं, दुसरा संपला की पहिला उलटा करून तिकडे ओतायचा. अमॉर्टाइज्ड ओ(१), एकदम बरोबर. पण फंक्शनल भाषेत जुनं व्हर्जन शिल्लक राहतं, मग ओतण्याच्या अगदी आधीचं व्हर्जन धरून ठेवायचं आणि त्याच्यावरच हजार वेळा डीक्यू करायचं (क्यूतून एलिमेंट काढायचा), हजार वेळा अख्खा स्टॅक उलटा होणार. नुसत्या इम्युटेबल लिस्ट वापरून लिहिलेल्या क्यूवर "अमॉर्टाइज्ड ओ(१)" असं लिहिलेलं दिसलं तर विचारा, जुनी व्हर्जन कोणी परत वापरणार आहे का? लेझी इव्हॅल्युएशन (गरज पडेपर्यंत हिशेब न करणं) वापरून हे दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी रचना वेगळी लागते.

राहिला लेटन्सीचा, म्हणजे एकेका ऑपरेशनला किती वाट बघावी लागते याचा मुद्दा. अमॉर्टाइज्ड म्हणजे एकूण बिल बरोबर, पण एखादं ऑपरेशन प्रचंड मोठं असू शकतं. रात्रीच्या बॅच जॉबला काय फरक पडतो, काही नाही. ऑडिओ थ्रेडमध्ये किंवा गेमच्या फ्रेममध्ये मात्र ती एक कॉपी लगेच जाणवते. रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) म्हणूनच हॅश टेबल वाढवताना एका दमात रीहॅश करत नाही, जुनं आणि नवं अशी दोन टेबलं ठेवून थोड्या थोड्या बकेट हलवत राहतं, आणि तोवर लुकअपला गरज पडली तर दोन्हीकडे बघावं लागतं. तुमचा साइझ आधीच माहीत असेल तर एवढं काही करायची गरज नाही, सुरुवातीलाच रिझर्व्ह कॉल करून तेवढी जागा घेऊन टाका.