जर्सी

जर्सी हे जावामध्ये रेस्ट पद्धतीच्या (प्रत्येक गोष्टीला वेब पत्ता देऊन ती गेट, पोस्ट, डिलीट अशा एचटीटीपी क्रियांनी हाताळण्याच्या) वेब सेवा लिहिण्यासाठीचे मुक्तस्रोत फ्रेमवर्क. सन मायक्रोसिस्टिम्सने ते ‘जॅक्स-आरएस’ या जावातील रेस्ट सेवांच्या प्रमाणकाची संदर्भ अंमलबजावणी (नमुनादाखल तयार केलेली) म्हणून सुरू केले. पुढे ते ओरॅकलकडे गेले. आता एक्लिप्स फाउंडेशन त्याची देखभाल करते. रेस्टची कल्पना रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या पीएचडी प्रबंधात मांडली आणि जॅक्स-आरएसची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. त्याआधी सर्व्हलेट (वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास) लिहिणाऱ्याला पत्त्याचे तुकडे पाडण्यापासून सगळे हातानेच करावे लागे.

जर्सीत साध्या जावा क्लासवर ‘@पाथ’ हे ॲनोटेशन (कोडवर लावायची खूण) लावले की तो रिसोर्स, म्हणजे त्या पत्त्यावरची सेवा, होतो. मेथडवर ‘@गेट’ (माहिती वाचण्यासाठी) किंवा ‘@पोस्ट’ (माहिती पाठवण्यासाठी) लिहायचे. ती काय परत देते ते ‘@प्रोड्यूसेस’ने आणि काय स्वीकारते ते ‘@कन्झ्यूम्स’ने सांगायचे. खरा फायदा इथे आहे. त्या पत्त्यावर डिलीट चालत नसेल तर ४०५ हा एचटीटीपी उत्तर-क्रमांक, मागितलेल्या स्वरूपात उत्तर देता येत नसेल तर ४०६, पाठवलेले स्वरूप स्वीकारता येत नसेल तर ४१५, हे सगळे फ्रेमवर्क स्वतःच कळवते. घाईत हाताने लिहिलेल्या सेवांमध्ये नेमके हेच राहून जाते आणि प्रत्येक चुकीला २०० (सगळे ठीक) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) मिळत राहते. अर्थात, ‘/डिलीटयूजर’ असा पत्ता करून त्यावर गेट लावण्यापासून जर्सी कोणाला अडवत नाही. रिसोर्सची आखणी ही विचारपूर्वक करण्याची गोष्ट आहे, आणि ती लिहिणाऱ्यावरच राहते.

वेगळे काही सांगितले नसेल तर दर रिक्वेस्टला रिसोर्सचा नवा ऑब्जेक्ट तयार होतो. त्यामुळे एका वापरकर्त्याची माहिती फील्डमध्ये उरून दुसऱ्याला दिसत नाही. ‘@सिंगलटन’ लावून सर्वांसाठी एकच ऑब्जेक्ट ठेवल्यास मात्र थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) काळजी आपण घ्यायची.

ऑब्जेक्टचे जेसन (माहिती पाठवण्याचे मजकूर-स्वरूप) करण्यासाठी जॅक्सनसारखे मॉड्यूल जोडावे लागते. ते विसरले तर ‘मेसेजबॉडीरायटर’ (ऑब्जेक्टचे उत्तरात रूपांतर करणारा भाग) सापडला नाही, ही नवशिक्यांच्या ओळखीची त्रुटी येते.

२०१३ च्या जॅक्स-आरएस २.० मध्ये क्लायंट एपीआय (दुसऱ्या सेवांना रिक्वेस्ट पाठवण्यासाठी) आणि फिल्टर (रिक्वेस्ट आणि उत्तर वाटेत हाताळणारे) आले. जर्सी ३ पासून पॅकेजचे नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ झाले. जुन्या प्रकल्पांना हा बदल जड जातो, कारण जुन्या नावाची ॲनोटेशन राहिलेला कोड व्यवस्थित कंपाइल होऊ शकतो. पण जर्सी ३ ती ओळखत नाही आणि पत्ता बरोबर असूनही ४०४ (सापडले नाही) येतो. अशा वेळी आधी इम्पोर्टच्या ओळी तपासाव्यात.