कागद कधीचा, गाणे कधीचे?

'द फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' हे स्कॉटलंडमध्ये अंत्यविधीला आणि युद्धस्मारकांपाशी पाइपवर वाजणारे गाणे. ते ज्या लढाईवरचे, ती इंग्रजांशी झालेली फ्लॉडनची लढाई 9 सप्टेंबर 1513 ची. त्या नावाची चाल लेखी स्वरूपात सापडते ती सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मँडोर नावाच्या लहानशा तंतुवाद्यासाठी लिहिलेल्या एका बाडात. हे बाड स्कीन घराण्याकडे पिढ्यानपिढ्या पडून होते, ते 1838 मध्ये छापले गेले. आणि आज बहुतेक जण म्हणतात ते शब्द आले अठराव्या शतकाच्या मध्यावर, बॉर्डर, म्हणजे इंग्लंडच्या सीमेलगतच्या भागातल्या एका जमीनदार घरातल्या मुलीच्या लेखणीतून. तिने नाव लावले नाही. लोकांनी ते दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे धरून चालवले.

प्रसंग एका शतकातला, चाल दुसऱ्या, शब्द तिसऱ्या. हा अपवाद असता तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. स्कॉटलंडच्या बाडांतून आणि घराण्यांच्या दप्तरांतून वर आलेल्या 'ऐतिहासिक' गाण्यांपैकी पुष्कळांची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच आहे.

फार जुन्या काळाबद्दल थोडक्यात. 1568 मध्ये एडिंबरात प्लेगची साथ होती, तेव्हा एका तरुण व्यापाऱ्याने सक्तीच्या रिकामपणात शेकडो कविता उतरवून काढल्या. ते बॅनटाइन हस्तलिखित. पण त्यात आहे ते मुख्यतः दरबारी, शिकल्यासवरल्या कवींचे काव्य. रस्त्यावरच्या, चुलीपाशी म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांना तिथे फारशी जागा मिळाली नाही. 1550 च्या सुमारास छापलेल्या एका गद्य पुस्तकात मेंढपाळांच्या तोंडी गाण्यांची लांबलचक यादी येते, हार्लॉच्या लढाईचे गाणेही तिच्यात आहे. मात्र नुसती नावे. शब्द सांगायची लेखकाला गरजच वाटली नाही, कारण ते सगळ्यांना येत होते.

खरा गुंता सुरू होतो 1802 मध्ये. सेलकर्कशरच्या शेरीफने (जिल्ह्याच्या न्यायाधिकाऱ्याने), म्हणजे वॉल्टर स्कॉटने, 'मिन्स्ट्रेल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर' या संग्रहाचे पहिले दोन खंड काढले, तिसरा 1803 मध्ये. कादंबरीकार म्हणून तो गाजला नंतर. त्याने गाण्यांचे तीन गट पाडले: ऐतिहासिक, रोमँटिक (अद्भुत कथांची), आणि जुन्या धर्तीवर नव्याने रचलेली. ही विभागणी छापखान्याच्या सोयीची होती. गाणाऱ्या बायका-पुरुषांना असे काही वर्ग ठाऊक नव्हते. तरी 'ऐतिहासिक' हा शब्द चिकटला तो चिकटलाच, आणि एकदा तो चिकटल्यावर गाण्याने पुरावा द्यावा अशी अपेक्षा सुरू झाली. मराठीत बॅलडला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या अशा लोकगीताला, सरसकट पोवाडा म्हणण्याची रीत आहे, तिने घोटाळा आणखी वाढतो. पोवाड्याला शाहीर असतो, तो बहुधा शेवटी आपले नाव गुंफतो. बॅलडला असा धनी नसतो. वृत्तीने ते जात्यावरच्या ओवीला जवळचे: जिच्या तोंडी आले, तिचे.

आता 'ऑल्ड मेटलंड'. थर्लस्टेन किल्ल्याला इंग्रजांनी घातलेला वेढा आणि म्हाताऱ्या मेटलंडने दिलेली झुंज, असा या गाण्याचा विषय. 1802 मध्ये ते शेरीफच्या हाती पडले, एट्रिक खोऱ्यातल्या एका मेंढपाळाच्या अक्षरात. मेंढपाळ स्वतः कवी होता. शेरीफ हरखला. तो एट्रिकला गेला, मेंढपाळाच्या आईने त्याच्यासमोर ते म्हणून दाखवले. याच भेटीत म्हातारीने त्याला सुनावले, असे मुलाने तीसेक वर्षांनी लिहून ठेवले आहे: तुम्ही माझी गाणी छापलीत आणि पार बिघडवलीत, ती गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हे, आणि धड लिहिलेलीही नाहीत. हा किस्सा प्रत्येक लेखात येतो. गाणे खरेच जुने होते का, हा प्रश्न त्याच्या आड लपतो.

जुनेपणाच्या बाजूने घराण्याचे कागद उभे केले गेले. मेटलंड कुटुंबाची सोळाव्या शतकातली दोन बाडे आज केंब्रिजच्या एका कॉलेजात आहेत. त्यांतल्या एका कवितेत घराण्यातल्या आंधळ्या, वृद्ध न्यायाधीश-कवीची स्तुती करताना पूर्वजाचा उल्लेख येतो, की त्याच्याबद्दल गायलेले-सांगितलेले आम्ही ऐकले आहे. 1501 च्या सुमाराच्या दुसऱ्या एका काव्यातही करड्या दाढीचा मेटलंड डोकावतो. शेरीफने हे दुवे जोडले. पण नीट पाहिले तर यातून एवढेच निघते, की मेटलंडवर कसले तरी गाणे एके काळी होते. ते हेच गाणे, हे कुठे ठरते? आणि ज्याच्या वहीतून ते आले तोच मनात आणील तर जुन्या वळणाची शंभर कडवी रचू शकणारा असेल, तर शंका घेणाऱ्याला दोष कसा द्यायचा? 1906 मध्ये एका कर्नलाने बॉर्डरच्या गाण्यांच्या विश्वासार्हतेवर पुस्तक लिहून बरीच खळबळ उडवली. 1910 मध्ये एका ज्येष्ठ स्कॉटिश साहित्यिकाने पुस्तकानेच उत्तर दिले आणि शेरीफ-मेंढपाळ दोघांवरचा बनावटीचा आरोप फेटाळला. माझा कल कर्नलाकडे झुकतो, पण म्हातारीने ते खोटे-खोटे पाठ केले असेल, हे काही पटत नाही.

त्यापूर्वीच हार्वर्डच्या एका प्राध्यापकाने आपला निकाल देऊन टाकला होता. 1882 ते 1898 या काळात दहा भागांत निघालेल्या त्याच्या संग्रहात 305 बॅलडना क्रमांक मिळाले, सगळे उपलब्ध पाठभेद एकाखाली एक लावून. 'ऑल्ड मेटलंड'ला क्रमांक नाही. गंमत म्हणजे 'किनमाँट विली'ला आहे, 186. हे गाणे 1596 मध्ये कार्लाइलच्या किल्ल्यातून कैदी पळवून आणल्याच्या घटनेवरचे, आणि त्याचा पाठ मिळतो तो फक्त शेरीफच्या पुस्तकात. त्यात गरजेपेक्षा जास्त डागडुजी झाल्याचा संशय प्राध्यापकाने स्वतःच नोंदवला, तरी गाणे आत घेतले. घटना कागदोपत्री पक्की होती म्हणून? मग कसोटी गाण्याची लावली की घटनेची? पुढची शंभर वर्षे अभ्यासक याच क्रमांकांनी गाणी ओळखत आले आहेत, म्हणून हा निर्णय किरकोळ नाही.

या धामधुमीत एक वही बाजूला पडते. अ‍ॅबर्डीनच्या एका प्राध्यापकाच्या मुलीने लहानपणी मावशी, आई आणि घरची जुनी दाई यांच्याकडून गाणी ऐकली होती. 1783 मध्ये तिच्या तोंडून आधी 20 आणि मग 15 गाणी उतरवली गेली, दुसऱ्या खेपेला चालींसकट. 1800 मध्ये तिने आणखी 9 पाठवली. ही शेवटची खेप तिची गाणी मागवणाऱ्या टायटलर कुटुंबाच्या कागदांत, लॉख नेस सरोवराकाठच्या वाड्यात राहिली. दोन वेळा दिलेले एकच गाणे शब्दशः जुळत नाही, आणि त्यावरून ती पाठ म्हणत होती की दर वेळी नव्याने रचत होती, असा वाद विसाव्या शतकात रंगला. शेरीफने तिची गाणी घेतली ती रोमँटिक गटात. लढाई नाही, किल्ला नाही, म्हणजे इतिहास नाही! वर, छापील पुस्तकात आपले नाव आलेले पाहून ती नाराज झाली. पाळकाच्या पत्नीचे नाव असे चारचौघांत यावे, हे तिला रुचले नाही.

नाव लपवण्याची ही रीत जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांच्या, गाण्यांत तर कळसाला पोचली. 1746 मध्ये स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्सच्या बंडाचा पराभव झाल्यावर लीथच्या एका एपिस्कोपल धर्मगुरूने (पुढे तो बिशप झाला) पळापळीच्या कहाण्या, पत्रे, पद्ये जमवायला घेतली. 1747 ते 1775 या काळात 10 खंड भरले. पानांना काळी किनार, कातडी बांधणी, आणि पुठ्ठ्यांच्या आत राजपुत्राच्या कपड्यांच्या चिंध्या व होडीच्या लाकडाचे तुकडे डकवलेले. हे बाड आज एडिंबरात राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. समकालीन म्हणावे असे साहित्य हे. 'राजपुत्रा, परत येशील ना' या धर्तीची लोकांच्या ओठांवरची गाणी मात्र त्या पिढीची नव्हेत. त्यांतली काही लिहिली 1766 मध्ये जन्मलेल्या, गास्कच्या एका जॅकोबाइट घराण्यातल्या सरदार-स्त्रीने. आजोबा-वडिलांनी हद्दपारी भोगलेली. 1820 च्या दशकात तिची गाणी टोपणनावाने छापली गेली, खरे नाव उजेडात आले 1845 मध्ये ती वारल्यावर.

आणि तोच एट्रिकचा मेंढपाळ! लंडनमधल्या एका हायलंडी (स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या डोंगराळ भागातल्या लोकांच्या) संस्थेने त्याच्याकडून 1819 आणि 1821 मध्ये जॅकोबाइट गाण्यांचे दोन खंड करून घेतले. एडिंबरच्या एका वजनदार त्रैमासिकाने त्यांतल्या पहिल्याची कठोर झाडाझडती घेतली, पण एका गाण्याला अस्सल जुना नमुना म्हणून भरभरून दाद दिली. मेंढपाळाने मग सांगून टाकले, ते माझेच.

विसाव्या शतकाने कागदाकडून कानाकडे मोर्चा वळवला. 1902 पासून दीडेक दशक ईशान्य भागातल्या एका शाळामास्तराने आणि एका पाळकाने मिळून तीन हजारांहून जास्त गाणी चालींसह टिपली. ती आठ खंडांत पुरी छापून व्हायला 2002 उजाडले. 1951 पासून एडिंबर विद्यापीठात ध्वनिमुद्रणे साठू लागली, त्यांतली पुष्कळशी 2010 पासून घरबसल्या ऐकता येतात.

त्यांच्यासोबत हार्लॉचे एक गाणेही टिकून आले, शब्दांसकट. लढाई झाली 24 जुलै 1411 रोजी, एका दिवसात. गाण्यात हायलंडी सैन्य पन्नास हजारांचे आहे, आणि लढाई सोमवारी सकाळी जुंपते ती शनिवारी दिवेलागणीपर्यंत चालते.