साके-आस्वादन

साके-आस्वादन : जपानी साकेचे निरनिराळे प्रकार रंग, गंध, चव आणि घोट गेल्यानंतर मागे उरणारी संवेदना या अंगांनी पारखण्याची व त्यांची एकमेकांशी तुलना करण्याची पद्धत. जपानी भाषेत तिला ‘किकिझाके’ म्हणतात. साके हे तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी (म्हणजे ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवलेला वाफवलेला तांदूळ) यांपासून तयार होणारे, गाळून घेतलेले मद्य होय. जपानी कायद्यानुसार त्यातील मद्यार्क २२ टक्क्यांहून कमी असावा लागतो. प्रत्यक्षात बाजारातील बहुतेक बाटल्या १५ ते १६ टक्क्यांच्या असतात. कोजीतील विकरे स्टार्चची साखर करत असतानाच त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करते. या दुहेरी प्रक्रियेत तांदूळ, पाणी, यीस्ट, तापमान आणि वेळ यांपैकी काहीही बदलले की चव बदलते. साहजिकच हाती आलेल्या चार बाटल्या ओळीने चाखण्याला तुलना म्हणता येत नाही. बाकी सर्व शक्य तितके समान ठेवून एकच घटक बदलला असेल, तरच जाणवलेला फरक कशाचा हे सांगता येते.

पारखीसाठी वापरला जाणारा पेला (किकिचोको) पांढऱ्या पोर्सेलीनचा असून त्याच्या तळाशी गडद निळ्या रंगाची दोन समकेंद्री वर्तुळे असतात. व्यावसायिक पेल्यात १८० मिलिलिटर, म्हणजे जपानी मापाने एक ‘गो’, मावते. तो सुमारे सात-आठ दशांश भरतात. पांढऱ्या भागावर रंगाची छटा दिसते, तर निळ्या वर्तुळाची कड रेखीव दिसते की धूसर, यावरून द्रव नितळ आहे की त्यात गढूळपणा आहे हे कळते. नुकत्याच गाळलेल्या साकेला मुळात फिकट पिवळसर, किंचित हिरवट झाक असते. पाण्यासारखे रंगहीन साके बहुधा कोळशाच्या भुकटीतून गाळून रंग काढलेले असते, त्यामुळे रंगहीनता ही शुद्धतेची खूण मानू नये. तांबूस छटा मात्र लोह, उन्हाचा परिणाम किंवा जुनेपणा यांपैकी कशामुळे आली याचा शोध घ्यावा लागतो.

रंगानंतर गंध. पेला नाकाशी नेताच येणाऱ्या वासाला ‘उवादाचिका’ आणि घोट तोंडात असताना आतून नाकाकडे जाणाऱ्या वासाला ‘फुकुमिका’ असे म्हणतात. हे दोन्ही जुळतातच असे नाही. पाच ते दहा मिलिलिटरचा घोट जिभेवर पसरवून, ओठांमधून थोडी हवा आत ओढून, ती नाकावाटे सोडली की दुसरा वास स्पष्ट होतो. गोडी, आम्लता, कडवटपणा, तुरटपणा आणि ‘उमामी’ ही ॲमिनो आम्लांची मांसल चव या क्रमाने लक्ष फिरवतात व घोट थुंकून टाकतात. चव जिभेवरून किती स्वच्छपणे उतरते याला ‘किरे’ म्हणतात. जपानी पारखी याला फार महत्त्व देतात, आणि ते योग्यच आहे. साके मुख्यतः जेवणाबरोबर घ्यायचे पेय असल्याने रेंगाळणारी चव पुढच्या घासाच्या आड येते. औपचारिक परीक्षणात नमुने २० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात, कारण गारठ्यात दोष लपतात. नवख्या माणसाने सौम्य साकेकडून जड साकेकडे जावे आणि मुरवलेले जुने साके शेवटी ठेवावे. त्यानंतर तेच पेले उलट क्रमाने पुन्हा चाखावेत. पहिल्या फेरीतले निष्कर्ष पुष्कळदा क्रमाने घडवलेले असतात.

तुलनेत सर्वाधिक गोंधळ लेबलावरील वर्गनामांमुळे होतो. १९९० साली लागू झालेल्या आणि राष्ट्रीय कर संस्थेने ठरवलेल्या वर्गीकरणात आठ विशेष नावे आहेत. त्यांची उभारणी दोन गोष्टींवर झालेली आहे : तांदूळ किती घासला, आणि बाहेरून मद्यार्क घातला की नाही. बिनसडीच्या दाण्याचे ६० टक्के किंवा त्याहून कमी वजन उरेपर्यंत तांदूळ घासला तर ‘गिंजो’, ५० टक्के किंवा त्याहून कमी उरला तर ‘दाइगिंजो’. केवळ तांदूळ, कोजी व पाणी वापरले असल्यास नावात ‘जुन्माई’ हा शब्द येतो. ‘होन्जोझो’मध्ये तांदूळ ७० टक्क्यांपर्यंत घासलेला असतो व थोडा शुद्ध मद्यार्क घातलेला असतो. जुन्माईलाही पूर्वी हीच ७० टक्क्यांची अट होती. ती २००४ मध्ये काढून टाकण्यात आली.

दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिने व स्निग्ध पदार्थ अधिक असतात. प्रथिनांपासून ॲमिनो आम्ले होऊन चव भरीव होते, तर स्निग्ध पदार्थांमुळे यीस्टकडून तयार होणारे फळांसारखे वास दबतात. म्हणून जास्त घासलेल्या तांदळाचे साके नाजूक व सुवासिक होते. मात्र त्यासाठी निम्म्याहून अधिक दाणा भुकटी होऊन जातो आणि किंमत चढते. ग्राहक ही किंमत दर्जा समजून मोजतो. वस्तुतः वर्गनाम उत्पादनाची रीत सांगते, गुणांची उतरंड सांगत नाही. ७० टक्क्यांचे चांगले जुन्माई आणि ४० टक्क्यांचे दाइगिंजो शेजारी ठेवून त्यांत श्रेष्ठ कोणते असे विचारणे निरर्थक आहे. ती वेगवेगळ्या कामांची साके आहेत. मद्यार्क घातलेल्या साकेबद्दलचा तुच्छताभावही असाच तपासून घ्यावा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत मद्यार्क, साखर व आम्ले घालून साकेचे प्रमाण तिपटीने वाढवत असत आणि त्या काळाची आठवण अजून पुसलेली नाही. आजच्या गिंजोमध्ये घातलेला मद्यार्क घासलेल्या तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. आंबवण गाळण्याआधी तो घातला की एरवी चोथ्यात राहून जाणारी सुगंधी द्रव्ये साकेत उतरतात आणि चव हलकी होते. एकाच उत्पादकाचे जुन्माई गिंजो आणि गिंजो समोरासमोर चाखल्यास हा फरक पहिल्याच घोटात कळतो.

तांदळाच्या वाणाचा प्रभाव त्यापेक्षा सूक्ष्म असतो. ह्योगो प्रांतात विकसित होऊन १९३६ साली नाव मिळालेला यामादा निशिकी सर्वांत मानाचा. नीगाताचा गोह्याकुमानगोकु हा पिंपात कमी विरघळतो व सडसडीत चव देतो. ओकायामातील ओमाची हा १८५९ मध्ये आढळलेला जुना वाण मऊ असून त्याच्या साकेत भरदारपणा येतो. यीस्टचा ठसा मात्र ठळक असतो. केळ्यासारखा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा आणि सफरचंदासारखा वास एथिल कॅप्रोएटचा. निहोन जोझो क्योकाई ही संस्था क्रमांक दिलेली यीस्ट उत्पादकांना पुरवते. अकिताच्या अरामासा कारखान्यात मिळालेले क्रमांक ६ व नागानोच्या मासुमी कारखान्यात मिळालेले क्रमांक ७ यांचा वास संयत असतो. कुमामोतोचे क्रमांक ९ गिंजोसाठी नावाजले गेले. क्रमांक १८०१ सफरचंदी सुगंध भरपूर देते. तांदूळ तोच ठेवून यीस्ट बदललेल्या दोन बाटल्या मिळाल्या, तर शिकणाऱ्याला त्याहून चांगला धडा नाही.

१९११ पासून भरणारे राष्ट्रीय नवसाके परीक्षण ही या कलेची दीर्घकाळ चालत आलेली देशव्यापी कसोटी आहे. १९०४ मध्ये टोकियोत स्थापन झालेली व १९९५ पासून हिरोशिमा प्रांतातील हिगाशिहिरोशिमा येथे असलेली राष्ट्रीय मद्य संशोधन संस्था ते घडवते. अलीकडच्या वर्षांत ८०० हून अधिक नमुने येतात. तीव्र सुवासाच्या नमुन्यामागून आलेला संयत नमुना फिका वाटू नये, म्हणून एथिल कॅप्रोएटचे प्रमाण आधी मोजून त्यानुसार नमुन्यांचे गट लावण्याची काळजी येथे घेतली गेली आहे. २००० च्या दशकात काही वर्षे यामादा निशिकीवर आधारलेली साके वेगळ्या विभागात तपासली जात. परीक्षणाला आणखी एक बाजू आहे. यामादा निशिकी, कुमामोतोचे यीस्ट आणि ३५ टक्क्यांपर्यंत घासलेला तांदूळ हे ‘वायके३५’ नावाचे सूत्र पदकासाठी इतके हमखास मानले गेले की एके काळी निरनिराळ्या प्रांतांची साके एकाच मुशीतून निघाल्यासारखी लागू लागली. एका घोटावर दिलेले पदक आणि जेवणभर साथ देणारे साके यांचा मेळ बसतोच असे नाही.

प्रदेशानुसार तुलना करण्याची परंपरा पाण्याशी जोडलेली आहे. कोबे व निशिनोमिया परिसरातील नादा येथील मियामिझु हे पाणी कठीण असून त्यात लोह अत्यल्प आहे. क्षारांमुळे यीस्ट जोमाने काम करते व साके करकरीत होते. क्योतोतील फुशिमीचे पाणी त्यामानाने मृदू, म्हणून तेथील साके सौम्य. यावरूनच नादाचे साके पुरुषी आणि फुशिमीचे बायकी अशी जुनी म्हण पडली. हिरोशिमातील मिउरा सेन्झाबुरो यांनी १८९०च्या दशकात मृदू पाण्यात सावकाश आंबवण्याची रीत बसवली, तेव्हा कठीण पाण्यावाचून उत्तम साके होत नाही हा समज मोडला. आज तांदूळ ह्योगोतून मागवता येतो, यीस्टही बाहेरून येते आणि पाण्यातील क्षार कमीजास्त करता येतात. तेव्हा प्रांताच्या नावावरून चवीचे भाकीत करताना हात राखावा. प्रांतिक शैली अजून टिकून आहे ती बरीचशी तेथील मुख्य कारागिरांच्या, म्हणजे तोजींच्या, परंपरेमुळे आणि स्थानिक जेवणामुळे.

आंबवण सुरू करणाऱ्या यीस्टच्या विरजणाची रीतही चाखताना ओळखू येते. ‘किमोतो’ व १९०९ मध्ये पुढे आलेली ‘यामाहाई’ या रीतींत लॅक्टिक आम्ल नैसर्गिक जिवाणूंकडून तयार होऊ देतात. त्यामुळे आम्लता ठसठशीत आणि चव गुंतागुंतीची होते. ‘सोकुजो’ या १९१० च्या सुमाराच्या रीतीत तयार लॅक्टिक आम्ल सुरुवातीलाच घालतात. बहुतेक साके आज याच रीतीने होते. साके साधारण ६० ते ६५ अंशांवर दोनदा तापवून टिकाऊ करतात. न तापवलेल्या ‘नामाझाके’ला ताजा, झणझणीत बाज असतो, पण ते सतत थंडच ठेवावे लागते.

लेबलावर पुष्कळदा ‘निहोनशुदो’ हा आकडा असतो. तो घनतेवरून काढतात. अधिक चिन्ह कोरडेपणा (म्हणजे गोडी कमी असणे) आणि उणे चिन्ह गोडी दाखवते. आम्लता जास्त असलेले उणे ३ चे साके आम्लता कमी असलेल्या अधिक २ च्या साकेपेक्षा कोरडे भासू शकते. आकडे चाखून झाल्यावर पाहावेत.

तापमान हा तुलनेचा सर्वांत रंजक भाग आहे. पाच अंशांच्या ‘युकिहिए’पासून ५५ अंशांच्या ‘तोबिकिरिकान’पर्यंत पायऱ्यांना नावे आहेत : ३५ अंश ‘हितोहादाकान’, ४० ‘नुरुकान’, ४५ ‘जोकान’, ५० ‘आत्सुकान’. थंडीत गोडी दबते व शरीराच्या उष्णतेजवळ ती उमलते; फ्रिजमधले पन्हे कोमट झाल्यावर जास्त गोड लागते तसेच हे. लॅक्टिक आणि सक्सिनिक आम्ले उबेत गोलाईने लागतात, मॅलिक आम्ल थंडच बरे वाटते. एखादे यामाहाई जुन्माई दहा अंशांवर मुके, काहीसे तुरट असते. तेच काचेच्या किंवा कथिलाच्या भांड्यात घालून गरम पाण्यात ठेवत ४० अंशांवर आणले की वाफाळलेल्या भाताचा आणि शिजवलेल्या मशरूमसारखा मातकट वास वर येतो, आम्लता मधोमध येते आणि शेवट स्वच्छ होतो. ५० अंशांवर मद्यार्काचा झोत पुढे होतो. सुवासिक दाइगिंजो तापवले तर मात्र सुगंध उडून कडवटपणा उघडा पडतो. नियम म्हणून हे सरसकट लागू नाही. काही दाइगिंजो कोमटही शोभतात.

दोष ओळखता येणे हे गुण ओळखण्याइतकेच गरजेचे आहे. लोण्यासारखा वास डायॲसिटिलचा, तो किण्वन नीट पुरे झाले नसल्याचे सांगतो. मुरवलेल्या मुळ्याची किंवा जास्त शिजलेल्या कोबीची दुर्गंधी डायमिथिल ट्रायसल्फाइडमुळे येते. तिला ‘हिनेका’ म्हणतात. वर्षानुवर्षे मुद्दाम मुरवलेल्या ‘कोशु’चा कॅरॅमल, सोया सॉस व सुकामेव्याचा वास हा साखर व ॲमिनो आम्लांच्या अभिक्रियेतून येतो आणि तो दोष नव्हे. या दोन्हींतली सीमा मात्र पारख्यांतही वादाची असते.

सर्वसामान्यांना हे शिकण्याची सोय जपानमध्ये बरीच आहे. नीगाता प्रांतातील रेल्वे स्थानकांतील पोंशुकान या दालनांत प्रांतातील शंभरएक साके नाणी टाकून यंत्रातून छोट्या पेल्यात घेता येतात. घोटांबरोबर चाखायला शेजारी निरनिराळी मिठे ठेवलेली असतात. पेय घेण्याचे कायदेशीर वय २० असल्याने त्याखालच्यांना मज्जाव असतो. पारख्यांची परीक्षा घेण्याची रूढ पद्धत जोडी लावण्याची आहे : तीच साके दोन रांगांत वेगवेगळ्या क्रमाने मांडलेली असतात, पहिल्या रांगेतील प्रत्येक पेल्याला आपल्या शब्दांत वर्णन लिहायचे आणि दुसऱ्या रांगेत तो शोधायचा. दुसरी रांग चाखताना पहिल्या रांगेकडे परत जाण्याची मुभा नसते, त्यामुळे ‘छान’, ‘उत्तम’ अशी नोंद करणारा उमेदवार हमखास चुकतो, आणि ‘केळे, मागाहून कडवट, शेवट तोकडा’ असे लिहिणारा जोडी लावतो.