वेल्डच्या यूटीआधी प्लेटही साफ हवी

आमचा माणूस यूटीचं (अल्ट्रासोनिक टेस्टिंग, म्हणजे ध्वनिलहरींनी वेल्डच्या आतले दोष शोधणं) मशीन घेऊन शॉपवर येतो, जॉबकडे बघतो आणि म्हणतो, "आज होणार नाही." मग ग्राहक चिडतात. चिडणारच. डिस्पॅच तोंडावर आलेला, क्रेन अडकलेली आणि वरून आमचा व्हिजिट चार्ज. यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: वेल्डची बीड (वर उठलेला वेल्डचा थर) ग्राइंडर मारून चकचकीत केलेली असते आणि शेजारची प्लेट तेवढीच चकचकीत रेड ऑक्साइडने रंगवलेली असते. आम्हाला हवं असतं नेमकं उलट.

वेल्ड तपासताना अँगल प्रोब (लहर तिरकी सोडणारा आणि परतलेली टिपणारा तुकडा) वेल्डवर नाही, शेजारच्या प्लेटवर फिरतो. तिथून तिरकी लहर आत जाते, प्लेटच्या तळावर आपटते, परावर्तित होऊन वर येते आणि या जाण्यायेण्यात वेल्डचा सगळा छेद धुंडाळते. वाटेत क्रॅक, स्लॅग (वेल्डमध्ये अडकलेला मळ) किंवा न जुळलेली कड लागली की लहर तिथून मागे फिरते आणि स्क्रीनवर इको उठतो. २० मिमी प्लेटवर ७० अंशाचा प्रोब लावला तर लहर खाली जाऊन परत वरच्या पृष्ठभागाला येईपर्यंत साधारण ११० मिमी पुढे सरकलेली असते. ६० अंशाला हेच अंतर ७० मिमीच्या आसपास पडतं. म्हणजे वेल्डचा वरचा भाग बघायचा तर प्रोब तेवढा मागे न्यावा लागतो, त्यात प्रोबची स्वतःची लांबी धरा. म्हणून आम्ही वेल्डच्या दोन्ही बाजूंना दीडशे मिमीचा पट्टा मोकळा मागतो. जाडी वाढली की पट्टाही वाढतो. जाडी आधी कळवलीत तर नेमका आकडा फोनवरच सांगू.

आता रंगाचं. प्रोब आणि पोलाद यांच्यात हवा राहिली की खेळ संपला. हवा आणि पोलाद इतके वेगळे की त्यांच्या सीमेवर आमची जवळजवळ सगळी लहर मागे फिरते, आत काहीच जात नाही. क्रॅक सापडते तीही याच गुणामुळे, तिच्या पोटात हवा असते म्हणून. पण तीच हवा सुटलेल्या रंगाखाली, मिल स्केलखाली (नव्या प्लेटवरचा काळा पापुद्रा) किंवा स्पॅटरच्या (वेल्डिंगचे उडालेले थेंब) दाण्यामुळे उचललेल्या प्रोबखाली असली तर लहर दारातूनच परत. सोनोग्राफीला पोटावर जेल लावतात ते याचसाठी, आणि आम्हीही जेल त्याचसाठी लावतो. पाणी आणि पोलाद समोरासमोर आले तरी सुमारे ८८ टक्के ऊर्जा मागे फिरते, १२ टक्केच आत शिरते. तेवढ्यावर आमचं काम भागतं. हवेच्या बाबतीत तेवढंही नशिबात नसतं.

"रंग पातळच आहे हो, चालवून घ्या," असं हमखास ऐकायला मिळतं. पक्का धरलेला, एकसारखा, पातळ रंग असेल तर काही वेळा चालतो, पण सेन्सिटिव्हिटीची दुरुस्ती करावी लागते आणि ते रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. तुमच्या क्लायंटचा इन्स्पेक्टर ते वाचतो. गंजावर घाईने मारलेला प्राइमर मात्र नाहीच. टाकीची जाडी मोजतानाही रंग फसवतो. त्यात ध्वनी पोलादापेक्षा बराच हळू चालतो, त्यामुळे साध्या गेजवर पाव-अर्धा मिमी रंग त्याच्या दुपटीहून जास्त पोलाद म्हणून दिसतो आणि झिजलेली टाकी कागदावर ठणठणीत होते.

पोलादात लहर तिरकी जाते ती अपवर्तनाने. प्रोबच्या पायाशी पर्स्पेक्सची पाचर असते. त्यात लहरीचा वेग सेकंदाला सुमारे २७३० मीटर, आणि पोलादातल्या अवतरंगाचा (कण आडवे हलवत जाणारी, आम्ही वापरतो ती लहर) ३२३०. वेग वाढला की लहर जास्त झुकते, म्हणून ७० अंशाच्या प्रोबमधली पाचर प्रत्यक्षात साडेबावन्न अंशांच्या आसपास कापलेली असते. प्रोबवर छापलेले ४५, ६०, ७० हे आकडे पोलादापुरतेच खरे. तोच ७० चा प्रोब ॲल्युमिनियमवर साधारण ६५-६६ अंश देतो, तांब्यात तर ४१ च्या आसपास. त्यामुळे "प्रोब तोच आहे, ॲल्युमिनियमचंही बघून टाका" म्हणालात तर आम्ही हात वर करतो. त्या धातूचा कॅलिब्रेशन ब्लॉक, म्हणजे मशीन जुळवायचा मापाचा ठोकळा, लागतो. ३०४-३१६ स्टेनलेसच्या वेल्डची गोष्ट आणखी निराळी. तिथले जाड कण लहरीला वाकवतात, विखुरतात, आणि स्क्रीनभर बारीक खोट्या इकोंचं गवत उगवतं. त्याचे प्रोब वेगळे, वेळ जास्त आणि दरही वेगळा. हा दर ऐकून कपाळाला आठ्या पडतात, कल्पना आहे.

आल्याआल्या आमचा माणूस अर्धा तास ब्लॉकवर प्रोब घासत बसतो, तेव्हा सुपरवायझर घड्याळ बघतात. पाचर झिजते आणि झिजली की अंश बदलतो. दोन अंश सरकले तरी दोष भलत्याच खोलीवर दिसतो, तुम्ही चांगलं वेल्ड गाउज करता (खोदून काढता) आणि दोष जागच्या जागी राहतो. एका बाजूने तपासून "ओके" मागणाऱ्यांनाही आमचं उत्तर ठरलेलं आहे. सपाट दोषावर लहर काटकोनात पडली तरच ती सरळ प्रोबकडे परतते, नाहीतर भलतीकडे उडते. ३० अंशांच्या बेव्हलवर (प्लेटची तिरकी कापलेली कड) न जुळलेली कड ६० च्या प्रोबला समोरून भेटते. ती ४५ ला निसटू शकते. म्हणून दोन बाजू आणि बहुधा दोन अँगल. एका बाजूला पोहोचायला जागाच नसेल तर रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहून देतो.

तेव्हा टेस्टिंग आधी, रंग नंतर. पट्टा वायर ब्रशने किंवा फ्लॅप डिस्कने साफ करा. ग्राइंडिंग व्हील लावून प्लेटमध्ये खड्डे पाडू नका, कारण प्रोब डुगडुगला की खाली पुन्हा हवा येते. बीडला आरशासारखी करण्यात माणूस अडकवू नका, स्पॅटर काढला तरी पुरे. जॉब हाताला सोसेल इतका गार हवा.

बोलावण्याआधी मटेरियल ग्रेड, जाडी, जॉइंटचं ड्रॉइंग आणि साफ केलेल्या पट्ट्याचा शेजारी टेप ठेवून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. फोटो बघून आम्ही हो म्हटलं आणि तरी जॉब तपासता आला नाही, तर त्या फेरीचे पैसे आम्ही घेत नाही. साफसफाईला माणूस नसेल तर तोही आमच्याकडून मिळेल. त्याचा दर परत फेरीच्या खर्चापेक्षा कमीच ठेवला आहे.